पेशीच्या पोटांतील पिशवी

पावसाळ्यांत विहिरीच्या पायऱ्यांशीं, शेताच्या कडेच्या डबक्यांत आणि क्वचित् घरामागच्या हौदांतहि बेडूकमासे वळवळतांना दिसतात. मुलें ते ओंजळींत धरून आणतात, कांचेच्या बरणींत ठेवतात, आणि कांहीं आठवड्यांनीं घरांतील वडील माणसांस एक प्रश्न हटकून विचारतात. पाय फुटले, तोंड रुंदावलें, बेडूक उडी मारून बाहेर आला. पण मग शेपूट कोठें गेलें? बरणीच्या तळाशीं तर तें सांपडत नाहीं. ‘गळून पडलें असेल’ असें सांगून आपण मुलांची समजूत घालतों खरी; परंतु तें उत्तर बरोबर नाहीं. शेपूट गळत नाहीं; बेडूक तें आंतल्या आंत जिरवून टाकतो. त्या दिवसांत त्याचें तोंड आणि आंतडें बदलत असल्यामुळें त्यास नीट खातां येत नाहीं, आणि जिरलेल्या शेपटाचें सत्त्वच त्याच्या उपयोगीं पडतें.

म्हणजे ज्या असंख्य जिवंत पेशींचें तें शेपूट बनलें होतें, त्या पेशी मेल्या. रोगानें नव्हे, जखमेनेंहि नव्हे. ठरल्या वेळीं, ठरल्या क्रमानें मेल्या. अशा मरणास शास्त्रज्ञ ‘नियोजित पेशीमरण’ म्हणतात. ह्या मरणांत पेशीच्या पोटांतील एका अतिसूक्ष्म पिशवीचा, म्हणजे लयकारिकेचा, वांटा नेमका कोणता, हें ह्या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय वडील मंडळींस नवा वाटला, तरी घरांतील शाळकरी मुलामुलींच्या कानावरून तो गेलेला असतो. कारण त्यांस शिकवितांना लयकारिकेस ‘आत्मघाती पिशवी’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या नांवांत अर्धें सत्य आहे. उरलेलें अर्धें कळावयास शास्त्रज्ञांस पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं; आणि जें कळलें त्याचा संबंध बरणींतील बेडकापासून थेट आपल्या स्वयंपाकघरांतील ओट्यापर्यंत पोंचतो.

मरण म्हटलें कीं आपल्या मनांत ऱ्हास आणि शोक हेच विचार येतात. परंतु शरीराच्या घडणींत मरणाचा वांटा जन्माइतकाच मोठा आहे. गर्भांतील बाळाचा हात आरंभीं वल्ह्याच्या पात्यासारखा सलग असतो. बोटांच्या मधल्या पेशी वेळेवर मरतात, म्हणून बोटें सुटीं होतात. बदकाच्या पायांत त्या जागच्या पुष्कळशा पेशी जगतात, म्हणून त्याच्या बोटांमध्यें पडदा राहतो. मोठेपणींहि हा क्रम थांबत नाहीं. धडधाकट माणसाच्या शरीरांत रोज अब्जावधि पेशी मरतात आणि जवळजवळ तितक्याच नव्या निर्माण होतात.

येथें विचार करणाऱ्यास एक शंका यावी. बोटांत बारीकसा कांटा मोडून थोड्याशा पेशी मेल्या, तरी तेथें लाली येते, सूज येते, ठणका लागतो, प्रसंगीं पू धरतो. मग रोजच्या रोज अब्जावधि पेशी मरत असतां सर्वांग सुजून कां जात नाहीं? ह्या शंकेचें उत्तर लयकारिकेच्या कथेंत आहे, म्हणून प्रथम ती कथा सांगतों.

ह्या पिशवीचा शोध लागला तो ती शोधण्याच्या हेतूनें नव्हे. बेल्जम देशांतील लूव्हेन विद्यापीठांत ख्रिस्तियन द दूव्ह हे संशोधक इन्शुलीनचें यकृतावर काय कार्य होतें ह्याचा तपास करीत होते. सन १९४९ मध्यें त्यांनीं उंदराचें यकृत साखरेच्या पाण्यांत हळुवारपणें खललें आणि त्यांतील एका आम्लप्रिय विकराचें बळ मोजलें. विकर म्हणजे शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. अन्न पचविणारीं द्रव्यें हीं त्यांतलींच. अपेक्षेच्या मानानें तें बळ फारच थोडें, सुमारें एक दशांश, भरलें. दुसरा एखादा माणूस ‘प्रयोग फसला’ म्हणून तें मिश्रण टाकून देता. द दूव्ह व त्यांचे सहकारी ह्यांनीं तें शीतकपाटांत ठेवलें आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां मोजलें. आतां विकराचें बळ पूर्वींच्या कितीतरी पट निघालें!

त्यांत नवें कांहीं कोणी घातलें नव्हतें. तेव्हां विकर पहिल्या दिवशींहि तेथेंच होतें, परंतु कोंडलेलें होतें, हें उघड झालें. अत्तराची कुपी घरांत असली तरी बूच निघाल्यावांचून सुगंध दरवळत नाहीं, त्यांतला हा प्रकार. विकराभोंवतीं एखादा पापुद्रा असला पाहिजे आणि तो चार दिवसांत जीर्ण होऊन फुटला असला पाहिजे, असें अनुमान निघालें. पुढें तशींच आणखी पाचक विकरें त्याच पिशव्यांत कोंडलेलीं आढळलीं, आणि सन १९५५ मध्यें द दूव्ह ह्यांनीं त्या पिशव्यांस लायसोसोम हें नांव दिलें. आपल्याकडे तिलाच लयकारिका म्हणतात. त्याच सुमारास अमेरिकेंतील अ‍ॅलेक्स नोव्हिकॉफ ह्यांच्या साहाय्यानें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचें प्रत्यक्ष दर्शनहि घडलें. सन १९७४ चें नोबेल पारितोषिक द दूव्ह ह्यांस आल्बेर क्लोद व जॉर्ज पालादे ह्यांच्या समवेत मिळालें.

आज ह्या पिशवीच्या पोटांत सुमारें ६० प्रकारचीं विकरें असल्याचें ठाऊक आहे. प्रथिनें, स्निग्ध द्रव्यें, पिष्टमय द्रव्यें, इतकेंच काय पण पेशीच्या केंद्रकांतील वंशद्रव्यसुद्धां, सर्वांचे तुकडे करणारीं विकरें तेथें सज्ज असतात. पेशीचा बाकीचा अंतर्भाग पाण्यासारखा, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, असा असतो. परंतु पिशवीचें पोट मात्र दह्याइतकें आंबट ठेवलेलें असतें. तिच्या पापुद्र्यावर बसविलेले सूक्ष्म पंप हें आंबटपण अखंड राखतात. तेथील बहुतेक विकरांस काम करण्यास तें आंबटपणच हवें असतें. पिशवीबाहेर पडल्यावर त्यांचा जोर पुष्कळ ओसरतो. अशा रीतीनें पेशीनें आपल्या घरांतील जहाल वस्तु दोन कुलुपांत ठेविली आहे: एक पापुद्र्याचें आणि दुसरें आंबटपणाचें.

ह्या पिशवीचें नित्याचें काम विध्वंसाचें नाहीं. पेशींतील जुने, झिजलेले भाग ती पचविते आणि त्यांतील द्रव्यें पुन्हां वापरावयास मोकळीं करते. द दूव्ह ह्यांनींच सन १९६३ मध्यें ह्या क्रियेस ‘स्वभक्षण’ ह्या अर्थाचें ग्रीक नांव दिलें. रक्तांतील पांढऱ्या पेशी जे रोगजंतु गिळतात, त्यांचाहि शेवट लयकारिकेंतच होतो. पण जिच्यांत सर्व कांहीं पचविण्याची शक्ति आहे ती पिशवी फुटली तर? पेशी स्वतःच पचून जाईल. ह्या कल्पनेंतूनच द दूव्ह ह्यांस ‘आत्मघाताची पिशवी’ हे शब्द सुचले. पेशीस मरावयाचें असलें म्हणजे ती आपली पिशवी फोडते, हा तर्क इतका सुबोध व ठसठशीत होता कीं तो पुस्तकांपुस्तकांतून पसरला.

तर्क सुबोध असला म्हणजे तो खरा असतोच असें नाहीं. त्याच दशकांत निरनिराळ्या देशांतून त्याच्या विरुद्ध पुरावा जमूं लागला.

अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत कॅरल विल्यम्स व त्यांचे शिष्य रिचर्ड लॉकशिन हे रेशमी पतंगाचा अभ्यास करीत होते. कोशांतून बाहेर पडतांना जे स्नायु पतंगास उपयोगीं पडतात, ते तो बाहेर आल्यावर सुमारें दोन दिवसांत विरून जातात; त्यांचें काम संपलेलें असतें. सन १९६४-६५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांतून ‘नियोजित पेशीमरण’ हा शब्द रूढ झाला. पेशीचें मरण हा अपघात नसून जीवनक्रमांत आधींच लिहिलेली एक पायरी असूं शकते, हा त्याचा आशय होता.

बेडूकमाशाकडे पुन्हां वळूं. सन १९१२ मध्यें गुडरनाश ह्यांनीं बेडूकमाशांस गळ्यांतील अवटु ग्रंथीचा अंश खावयास घातला, तेव्हां ते वेळेपूर्वींच बेडूक होऊं लागले. शेपूट जिरविण्याचा हुकूम त्या ग्रंथीच्या रसाकडून येतो हें तेव्हांपासून माहीत झालें. शेपूट आक्रसत असतांना त्यांतील लयकारिकांच्या विकरांचें प्रमाण वाढतें हेंहि पुढें दिसून आलें. तेव्हां पिशवी फुटत असणार, असें कोणासहि वाटावें. परंतु सन १९६६ मध्यें लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेंत काम करणारे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ जमशेद टाटा ह्यांनीं एक मार्मिक प्रयोग केला. त्यांनीं बेडूकमाशांचीं शेपटें कापून पोषक द्रवांत जिवंत ठेविलीं. द्रवांत अवटु ग्रंथीचा रस मिसळतांच सुटें शेपूटहि आक्रसूं लागलें. मग त्यांनीं पेशींत नवीं प्रथिनें तयार होणें औषधानें बंद पाडलें. आतां रस घालूनहि शेपूट आक्रसेना! ह्याचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. आधींच भरून ठेवलेली पिशवी फोडणें एवढेंच मरण असतें, तर नव्या प्रथिनांची गरज पडती ना. मरण्यासाठीं पेशीस आधीं काम करावें लागतें. नवी सामग्री तयार करावी लागते.

निर्णायक पुरावा मात्र मिळाला तो उंदराच्या यकृतांतूनच, जेथें ह्या कथेचा आरंभ झाला होता. ऑस्ट्रेलियाचे जॉन केर हे त्या दशकाच्या पूर्वार्धांत लंडन येथें संशोधन करीत होते. यकृताच्या कांहीं भागास रक्त पुरविणाऱ्या शिरेची शाखा बांधून टाकल्यावर काय होतें हें ते पाहत होते. त्यांस दोन तऱ्हेचीं मरणें दिसलीं. कांहीं ठिकाणीं पेशींचे चट्टेच्या चट्टे एकदम मेले होते. त्या पेशी फुगून फुटल्या होत्या आणि तेथें दाह झाला होता. इतरत्र मात्र, जिवंत पेशींच्या मध्यें एखाददुसरी पेशी एकटीच मरत होती. ती आक्रसून वाटोळी होई, तिचे तुकडे पडत, पण दाहाची खूण दिसत नसे. लयकारिकांचीं विकरें कोठें आहेत हें दाखविणारा रंग केर ह्यांनीं वापरला होता. पहिल्या प्रकारांत पिशव्या फुटलेल्या आढळल्या. दुसऱ्या प्रकारांत, म्हणजे शांतपणें मरणाऱ्या पेशींत, पिशव्या जशाच्या तशा अखंड होत्या!

तर्काच्या नेमकें उलट हें घडलें. ज्या मरणास बेशिस्त म्हणावें त्यांत पिशवी फुटते. ज्यास नियोजित म्हणावें त्यांत ती शेवटपर्यंत शाबूत राहते. सन १९७२ मध्यें केर ह्यांनीं स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे अँड्र्यू वायली व अलास्टर करी ह्यांच्यासह ह्या शांत मरणाचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें, आणि तेथील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक ह्यांच्या सूचनेवरून त्यास ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हें नांव दिलें. त्याचा अर्थ झाडाचीं पानें किंवा फुलाच्या पाकळ्या गळणें असा आहे. नांव सार्थ आहे. पानगळ ही झाडाची रोगदशा नव्हे.

मग हें मरण घडवून आणतें कोण? त्याचें उत्तर एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीनें दिलें. ह्या कृमीच्या वाढींत १०९० देहपेशी निर्माण होतात आणि त्यांतील नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक कृमींत त्याच त्या मरतात. त्यांच्या मरणास आवश्यक असे वंशघटक रॉबर्ट हॉर्व्हिट्झ ह्यांनीं शोधून काढले, आणि सन २००२ चें नोबेल पारितोषिक त्यांस सिडनी ब्रेनर व जॉन सल्स्टन ह्यांच्याबरोबर मिळालें. ह्या वंशघटकांपैकीं एक ज्या कात्रीसारख्या प्रथिनाची आज्ञा देतो, त्या जातीच्या प्रथिनांस कॅस्पेस म्हणतात. माणसांतहि तीं आहेत. तीं लयकारिकेंत राहत नाहींत; पेशीच्या मोकळ्या भागांत निद्रिस्त असतात आणि हुकूम आल्यावर जागीं होऊन पेशीचा सांगाडा पद्धतशीर कापतात.

तर मग लयकारिकेचें काम काय उरलें? येथेंच आमच्या आरंभींच्या शंकेचें उत्तर आहे. मरणारी पेशी आक्रसते, तिचे लहान लहान तुकडे होतात. परंतु प्रत्येक तुकडा पापुद्र्यांत नीट गुंडाळलेला असतो. आंतला माल बाहेर सांडत नाहीं. त्या तुकड्यांवर ‘मला उचला’ अशी रासायनिक खूण उमटते, आणि शेजारच्या पेशी किंवा फिरत्या भक्षक पेशी त्यांस बघतां बघतां गिळून टाकतात. गिळलेला तुकडा जातो कोठें? त्या शेजारणीच्या लयकारिकेंत! तेथें त्याचें पूर्ण पचन होतें. म्हणजे नियोजित मरणांत लयकारिका मरणारीचा घात करीत नाहीं. मागें राहिलेल्यांच्या घरीं ती अंत्यविधि पार पाडते. सांडलवंड नाहीं म्हणून सूज नाहीं, आणि सूज नाहीं म्हणून आपल्या अंगांत रोज घडणारीं अब्जावधि मरणें आपल्यास कळतहि नाहींत.

हें काम किती मोलाचें आहे तें जपानांतील शिगेकाझु नागाता व त्यांचे सहकारी ह्यांनीं सन २००१ मध्यें दाखवून दिलें. रक्तांतील तांबड्या पेशी तयार होतांना आपलें केंद्रक बाहेर टाकतात आणि भक्षक पेशी तें गिळून लयकारिकेंत पचवितात. ज्या उंदरांत वंशद्रव्य पचविणारें तेथील एक विकर नव्हतें, त्यांच्या भक्षक पेशींत न पचलेलीं केंद्रकें सांचून राहिलीं आणि तीं पिलें पांडुरोगानें गर्भांतच दगावलीं. एका विकराची उणीव, आणि जीव जन्मापूर्वींच गेला.

इतकें झाल्यावर ‘आत्मघाती पिशवी’ हें नांव पुसून टाकावें असें कोणी म्हणेल. परंतु शास्त्रांत घाईचा निकाल बहुधा अपुरा ठरतो. लयकारिका खरोखर मरणाचा आरंभ करते असा एक प्रसंग आहे, आणि तो आमच्या वाचकभगिनींच्या परिचयाचा आहे. मूल अंगावर पीत असतें तोंवर आईच्या स्तनांतील दुधाच्या ग्रंथी भरांत असतात. मुलाचें दूध तुटलें कीं त्या ओसरतात आणि दूध करणाऱ्या पेशींपैकीं बहुतेक मरून जातात. उंदरांवर प्रयोग करून केंब्रिज विद्यापीठांतील क्रिस्टीन वॉटसन ह्यांच्या प्रयोगशाळेनें सन २०११ मध्यें असें दाखविलें कीं, पिलें दूर केल्यावर पहिल्याच दिवशीं ह्या पेशींच्या लयकारिकांचा पापुद्रा पाझरूं लागतो. त्यांतून कॅथेप्सिन नांवाचीं प्रथिनें कापणारीं विकरें बाहेर येतात आणि पेशी मरते. कॅस्पेसच्या मुख्य कात्र्या नसलेल्या उंदरांतहि हें मरण थांबलें नाहीं. पुढें सन २०१४ मध्यें त्याच प्रयोगशाळेनें ह्याचें कारणहि दाखविलें. जें दूध पाजावयाचें राहिलें त्यांतील स्नेहाचे कण ह्या पेशी गिळूं लागतात. ते लयकारिकेंत पचून जीं आम्लें निघतात तीं तिच्या पापुद्र्यास कमकुवत करतात.

परंतु हीहि बेबंदशाही नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. पिशवी आपोआप फुटत नाहीं. पेशींतील एक नियामक प्रथिन विकरें वाढविण्याचा व पापुद्रा सैल करण्याचा हुकूम देतें, तेव्हां ती पाझरते. उंदरांत पहिल्या दोन दिवसांत पिलें परत आणिलीं, तर ग्रंथी पुन्हां दूध देऊं लागते. नंतर मात्र परतीची वाट बंद होते. पिशवी थोडी पाझरली तर बाहेर पडलेलीं विकरें इतर प्रथिनांस इशारा देऊन नियोजित मरणाचें यंत्र सुरू करूं शकतात. पिशव्या एकदम व पुष्कळ फुटल्या, तर पेशी फुगून फुटते, सांडते आणि दाह होतो. थोडक्यांत, लयकारिका मारते कीं आवरते हें तिच्या पोटांत काय आहे ह्यावर ठरत नाहीं. तिचा पापुद्रा कोणाच्या हुकमानें आणि किती सुटतो ह्यावर ठरतें.

आतां ओट्याविषयीं. पेशीच्या हुकमाविना, बाहेरच्या वस्तूनें हा पापुद्रा फाडला तर काय होतें ह्याचें सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होय. गारगोटी, वाळू आणि अनेक दगड ह्यांत स्फटिकरूप सिलिका असते. दगड कोरडा कापला किंवा घासला कीं तिची इतकी बारीक धूळ उडते कीं ती श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तेथील भक्षक पेशी तिला रोगजंतूप्रमाणें गिळतात आणि लयकारिकेंत टाकतात. पण दगड पचणार कसा? सन १९६६ मध्यें अ‍ॅलिसन, हॅरिंग्टन व बर्बेक ह्या संशोधकांनीं दाखविलें कीं सिलिकेचे कण लयकारिकेचा पापुद्रा फाडतात, विकरें पेशींत सांडतात व भक्षक पेशी मरते. मेल्यावर तिच्या पोटांतील कण पुन्हां मोकळे होतात. दुसरी पेशी तेच कण गिळते, तीहि मरते. एकच कण असा पेशीमागून पेशी मारीत राहतो. प्रत्येक मरणानें दाह होतो, दाहानें वण पडतो, आणि फुप्फुस हळूहळू घट्ट होऊन जातें. धुळींतील काम सोडल्यावरहि रोग वाढूं शकतो. आज त्यावर रोग मुळांतून घालविणारें औषध नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्या पुष्कळांनीं धुळाक्षरें पाटीवर गिरविलीं असतील. मध्य प्रदेशांतील मंदसौर भागांत पाटीवरच्या पेन्सिली कापण्याचा धंदा होता. तेथील कामगारांची पाहणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं सन १९८५ मध्यें प्रसिद्ध केली. तींत तपासलेल्या कामगारांपैकीं निम्म्याहून अधिकांस हा रोग जडलेला आढळला. ज्या पेन्सिलीनें मुलांनीं ‘श्री’ गिरविला, ती कापतांना दुसऱ्या कोणाच्या मुलांच्या वडिलांचा श्वास कमी होत होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

आणि ती जुनीहि झालेली नाहीं. हल्लीं ओट्यांसाठीं क्वार्ट्झचा कृत्रिम दगड लोकप्रिय झाला आहे. त्यांत सिलिकेचें प्रमाण शेंकडा ९० च्याहि वर असूं शकतें. ग्रॅनाइटमध्यें तें कमी, पण असतेंच. कृत्रिम दगड कापणाऱ्या तरुण कामगारांस थोड्याच वर्षांत हा रोग होतो असें दिसून आल्यावरून ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या निर्मितीवर, विक्रीवर व तो बसविण्यावर बंदी घातली. ओटा तयार झाल्यावर घरच्या मंडळींस त्यापासून धोका नाहीं. धोका आहे तो दगड कापणाऱ्यास, आणि कापणें अंगणांत किंवा जिन्यांत चाललें असल्यास जवळ वावरणाऱ्या मुलांमाणसांसहि.

म्हणून ह्या विषयाचा शेवट आम्ही एका गृहकृत्यानें करतों. ज्यांच्या घरीं ओटा, फरशी किंवा जिन्याचे दगड बसवावयाचे असतील, त्यांनीं दगड कोरडा कापूं देऊं नये. पाण्याची धार सोडून कापला म्हणजे धूळ बरीचशी जागच्या जागीं बसते. शक्य तर मापें देऊन दगड दुकानींच पाण्याखालीं कापवून आणावा. कारागिराच्या तोंडावर नुसता रुमाल असेल तर तो पुरेसा नाहीं हें त्यास सांगावें, आणि बारीक धूळ अडविणारा, तोंडास घट्ट बसणारा मुखपट्टा आपल्या खर्चानें द्यावा. ओट्याच्या खर्चांत ती रक्कम कोणास जाणवणारहि नाहीं. सांचलेली धूळ झाडूनें कोरडी झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. धार सोडल्यानें चिखल होईल, काम थोडें लांबेल, आणि कारागीरहि कदाचित् ‘एवढें कशाला’ म्हणेल. त्यास लयकारिकेची सर्व कथा सांगण्याची गरज नाहीं. पाण्याची नळी मात्र आपण स्वतः पुढें करावी.